काटा किर्र

पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या आबांनी गेटजवळच्या माझ्या सेरियसला, म्हणजे खांबासारख्या उभ्या कॅक्टसला, नख मारलं. राग अजून उतरलेला नाही.

"थोर हाय न्हवं?"

"नाही आबा, कॅक्टस. मूळचा दक्षिण अमेरिकेतला."

"कुठला अमेरिका? आमच्या बांधाला पाच हाईत. दूध येतंय, हे बघा." आणि कचकन नख!

दूध येईना. नुसतं बुळबुळीत पाणी. आबांनी बोट निरखलं, लेंग्याला पुसलं आणि निकाल दिला, "वाळाय लागलंय. पानी घाला."

अहो, दूध नाही हाच तर पुरावा! थोर म्हणजे युफोर्बिया. त्याला पांढरा चीक, डोळ्यात गेला तर दवाखाना. काटे बहुधा जोडीनं. कॅक्टसच्या उभ्या कंगोऱ्यांवर लवेची बारीक गादी असते, काटे तिच्यातूनच झुपक्यानं फुटतात. हे दाखवायला मी भिंग आणलं. आबांनी त्यातून स्वतःचं नख बघितलं.

"फूल तरी येतंय का?"

येतं. रात्री उमलतं, पांढरं, सकाळी मान टाकतं. फुलाची नळी बाहेरून गुळगुळीत असली तर सेरियस, केसाळ असली तर ट्रायकोसेरियस, तसाच दिसणारा दुसरा खांब. नर्सरीवाले फुलाआधीच सगळ्या खांबांना 'पेरूवियानस' हे एकच नाव देऊन मोकळे होतात.

"त्यापरास ब्रह्मकमळ लावा की."

"आबा, तुमचं ब्रह्मकमळ पण कॅक्टसच. मेक्सिकोकडचं."

इथं चुकलं. ते फुललं की आबांकडं उदबत्ती लागते, गल्लीला बोलावणं जातं. आबा न बोलता गेले. संध्याकाळी कुंडीत दोन बादल्या पाणी! कोल्हापुरात, जुलैत! कुंडी पागोळीआड ठेवली होती ती काय शोभेला? माती उसाच्या रानातली काळी, ही चूक माझी. ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. बुंधा पिवळा, मग मऊ, मग तपकिरी.

मग कापाकापी. दर कापाला सुरी स्पिरिटनं पुसायची. मधल्या कड्यात एक जरी तांबूस ठिपका उरला, तर कूज वर चढते. सहाव्या कापाला स्वच्छ हिरवं लागलं. छातीएवढ्या झाडाचं हातभर उरलं. आता ते हवेशीर सावलीत तीन-चार आठवडे पडून राहणार, जखमेवर कोरडी खपली धरेपर्यंत. मग दोन भाग जाड वाळू नि विटांचे तुकडे, एक भाग माती. दोन-तीन इंच खोल, वरचं टोक वरच, काठीचा आधार, आणि मूळ धरेपर्यंत पाणी बंद.

आज सकाळी आबा आले. पडवीत पेपरवर आडवा पडलेला तुकडा बघितला.

"म्हनलं न्हवतं, वाळतंय म्हणून?"