म्हणे खऱ्या सैनिकाला भीती वाटत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. खऱ्या सैनिकाला भीती वाटत नाही, जखमी झाला तरी बरा होऊन परत सीमेवरच जायला मागतो, आपल्या मराठ्यांनी पहिल्या महायुद्धात हसत हसत प्राण दिले, खाली लढाईचा एक व्हिडिओ आणि शेवटी १० ग्रुपवर पाठवा.

व्हिडिओचं आधी उरकतो. रात्रीचं आकाश, हलणारा कॅमेरा, माणूस एकही धड दिसत नाही, असले बरेच क्लिप आर्मा ३ या गेममधले निघतात. २०२२ मध्ये गेमवाल्या कंपनीनंच सांगितलं होतं की आमचे तुकडे खरं युद्ध म्हणून फिरतायत.

आता ते हसत हसत. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली सहावी पूना डिव्हिजन, नावातच आपलं गाव, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये इराकात कुत अल अमाराला तुर्कांनी तिला वेढलं ते जवळपास ५ महिने. धान्य संपत आलं तसे घोडे कापायला लागले, पण आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, धर्माचा प्रश्न होता, आणि मग स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या आजारानं, माणसं खंगत गेली. विमानातून पिठाची पोती टाकली, जात्याचे दगडसुद्धा टाकले म्हणे, तरी पुरलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक शरण गेले, पुढे वाळवंटातून पायपीट, त्यातले हजारो कैदेतच मेले. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड साहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात. हसायला सवड कुणाला होती ते बघा.

भीतीचं म्हणाल तर फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांच्या पत्रांचे उतारे ब्रिटिश सेन्सॉरच्या कृपेनं टिकलेत. जानेवारी १९१५ मध्ये एक जखमी राजपूत घरी लिहितो की हे युद्ध नाहीच, हा जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितलंय तसा. पत्र फोडून वाचतात हे माहीत असल्यानं कुणी कोडमध्ये लिहायचं, काळी मिरी संपत आली म्हणजे आपली माणसं संपत आली, लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई. आता हे लोक खरे सैनिक नव्हते का?

आणि परत सीमेवर जाण्याचा मुद्दा, हा तर पुण्यात बसून कुणी फॉरवर्ड करू नये. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक सेंटर आहे, मणक्याला मार लागून कमरेखालचं सगळं गेलेल्या जवानांसाठी. गोळी लागली की मेसेज संपतो, पण तिथे त्यापुढची ३०-४० वर्षं काढायची असतात, व्हीलचेअर, लघवीसाठी कॅथेटरची नळी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलणं. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ चं. मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण आणलं, आणि पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ४६ वर्षं! तेव्हा हे १० ग्रुपवाले कुठे होते कोण जाणे.

मेसेज टाकणाऱ्या काकांचा मुलगा हिंजवडीत आयटीत आहे. माझा भाऊही तिथेच, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.