क्रोनबर्गच्या हिरवळीवर आईला मी अर्धीच गोष्ट सांगितली

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा फ्रँकफर्टला आले होते, तेव्हा त्यांना क्रोनबर्गला घेऊन गेले. एस-४ लोकलचं शेवटचं स्टेशन. शेवटच्या कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) आईनं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीनं, नवरा गेल्यावर इथे एक मोठा दगडी वाडा बांधून घेतला. आता तिथे हॉटेल आहे आणि भोवती गोल्फचं मैदान. कॉफी पिता पिता आईनं विचारलं, "राज्य गेल्यावर या लोकांचं पुढे काय झालं गं?"

मग मी तिला माफाल्दाची गोष्ट सांगितली.

माफाल्दा इटलीच्या राजाची मुलगी. १९२५ मध्ये तिचं लग्न झालं हेसेन या जर्मन राजघराण्यातल्या फिलिपशी, म्हणजे हा वाडा बांधणाऱ्या बाईंच्या नातवाशी. (इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा नवरा तो फिलिप वेगळा. त्याची बहीण सोफी या फिलिपच्या धाकट्या भावाला दिली होती.) सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शस्त्रं खाली ठेवली आणि हिटलरनं आधी फिलिपला अटक करवली. माफाल्दा तेव्हा बहिणीच्या नवऱ्याच्या, बल्गेरियाच्या राजाच्या अंत्यविधीला गेली होती. रोमला परत आली तर तिला जर्मन वकिलातीतून निरोप: नवऱ्याचा फोन येणार आहे, या. ती गेली. फोन नव्हताच. तिथून अटक आणि पुढे बुखेनवाल्डची छळछावणी, तीही खोट्या नावानं. ऑगस्ट १९४४ मध्ये छावणीला लागून असलेल्या शस्त्रांच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. तिचा हात इतका भाजला की कापावा लागला, आणि त्यातच ती गेली. ४१ वर्षांची होती. चार मुलं मागे, धाकटी चारही वर्षांची नव्हती.

आई बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "नवऱ्याचं नाव सांगून फसवलं बिचारीला."

मी मान डोलावली आणि विषय तिथेच सोडला. ते मला अजून टोचतं. म्हणून ही पोस्ट.

कारण फिलिपची गोष्ट मी सांगितलीच नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीतली सगळी राजघराणी पायउतार झाली तेव्हा तो नुकताच २२ वर्षांचा झाला होता. दोन थोरले भाऊ महायुद्धात मारले गेलेले. वडिलांना त्याच ऑक्टोबरात फिनलंडच्या संसदेनं राजा निवडलं होतं. त्यांनी फिनलंडमध्ये पाऊलही न टाकता डिसेंबरात तो मुकुट सोडला. १९१९ च्या राज्यघटनेनं पदव्या काढल्या, पण नावात राहू दिल्या. आपल्याकडे पाटील, देशमुख ही आडनावं उरली, तसंच 'प्रिन्स' हे आडनाव झालं. वाडे-जमिनीही बऱ्याच जणांच्या वाचल्या. १९२६ मध्ये भरपाई न देता त्या काढून घ्यायच्या का यावर सार्वमत झालं. जवळजवळ दीड कोटी लोक 'हो' म्हणाले, पण एकूण मतदारांपैकी निम्म्यांचा होकार लागणार होता. तेवढा मिळाला नाही.

म्हणजे फिलिप रस्त्यावर आला नव्हता. तो कलेचा इतिहास आणि वास्तुकला शिकला, रोममध्ये घरांच्या सजावटीची कामं करायचा. चांगलं, सुखाचं आयुष्य होतं. तरी १९३० मध्ये तो नाझी पक्षात गेला. हिटलर सत्तेवर यायला अजून दोन-अडीच वर्षं होती. कोणी बंदूक रोखली नव्हती. १९३३ मध्ये त्याला हेसेन-नासाऊ प्रांताचा मुख्य प्रशासक केलं. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळायच्या आदल्या दिवशी हिटलरचं पत्र घेऊन मुसोलिनीकडे गेला तो हाच. राजाचा जावई, कैसरचा भाचा. ते नाव किती कामाचं आहे हे हिटलरला नेमकं ठाऊक होतं, आणि माझ्या मते फिलिपलाही.

आणि हाडामार. क्रोनबर्गपासून फार लांब नाही. तिथलं मनोरुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्या करारानं रीतसर खुनी यंत्रणेच्या हवाली झालं, त्यावर सही प्रांतप्रमुख फिलिपची. त्या वर्षी जानेवारीपासून, म्हणजे सही व्हायच्याही आधीपासून, ऑगस्टपर्यंत तिथे १०,००० हून जास्त मनोरुग्ण आणि अपंग माणसं गॅसनं मारली. घरच्यांना खोट्या आजाराचं नाव घातलेलं पत्र जायचं. लिंबुर्गच्या बिशपनी त्याच ऑगस्टमध्ये सरकारला लिहून कळवलं होतं की रुग्णांची बस दिसली की गावातली पोरंसुद्धा म्हणतात, खुनाची पेटी आली. पोरांना कळत होतं.

कोणी म्हणेल, खरी सत्ता गाउलायटरकडे, म्हणजे नाझी पक्षाच्या विभागप्रमुखाकडे होती, फिलिप नावापुरता. मला हे पटत नाही. नावापुरताच होता म्हणून तर नाव महत्त्वाचं. ते नाव खाली आलं की कागद सभ्य दिसत होता. युद्धानंतर त्याच्यावर याबद्दल खुनाचा आरोप ठेवला होता, तो पुढे मागे घेतला गेला. १९८० मध्ये, ८३ व्या वर्षी, तो रोममध्ये वारला.

त्यानं दीड वर्षाहून जास्त छावण्यांत काढलं, बायको गमावली. ते दुःख खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण दोघांचा फोटो टाकून खाली 'हिटलरचे बळी' असं लिहिलेलं दिसलं की मला राग येतो. ती बळी होती. त्याला त्याच ओळीत बसवलं की हाडामारची माणसं पुन्हा एकदा पुसली जातात.

दिवाळीनंतर मी हाडामारला एकटीच जाऊन आले. स्मृतिस्थळाच्या तळघरात ती खोली अजून आहे. लहानशी, खाली काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरश्या. आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघरात अगदी अशाच होत्या. आई दर शनिवारी घासायची. मला तिथे दोन मिनिटंसुद्धा उभं राहवेना.

घरी येऊन आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, ऊन छान होतं, तुम्ही दोघं खुशीत होतात.

"तरी सांगायचंस," आई म्हणाली.

फ्रँकफर्टला कुणी येणार असाल आणि क्रोनबर्गचा बेत असेल, तर एक दिवस हाडामारसाठीही ठेवा. लिंबुर्गला गाडी बदलावी लागते. आधी कळवलंत तर मी सोबत येईन.