आठ स्पीकर शेजाऱ्यांसाठी

"ही माणसं एवढी हळू का बोलतात रे? घरात कोणी झोपलंय का?" आईने टीव्हीकडे बघत विचारलं.

झोपलं कोणीच नव्हतं. मालिकेतली सासू सुनेवर कडाडत होती, पण ते कडाडणं आमच्यापर्यंत येत नव्हतं. आमच्या जुन्या डबा-टीव्हीच्या पोटात चांगला मूठभर स्पीकर होता. नवा टीव्ही पापडासारखा. त्यात स्पीकरला जागाच नाही, म्हणून तो खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. म्हणजे सासूचं बोलणं आधी भिंत ऐकणार आणि भिंतीला नको असलेलं आमच्या वाट्याला येणार. आवाज वाढवावा, तर तेवढ्यात धाडकन विजेचा कडकडाट व्हायचा आणि बायको स्वयंपाकघरातून पळत यायची. मालिकेत वीज कधीही पडते. एप्रिलमध्येही.

"रविवारी स्पीकर आणतो," मी म्हणालो. तो रविवार सात महिन्यांनी उगवला.

चूक माझीच. सरळ दुकानात जायचं सोडून मी तुलना करायला बसलो. आमच्याकडे स्थळं बघताना आधी घराणं बघतात. त्याच सवयीने मी प्रत्येक कंपनीचा कुलवृत्तांत काढला, आणि गंमत म्हणजे त्यात रमलो. यामाहाचे मूळपुरुष तोराकुसू यामाहा यांनी १८८७ साली एका शाळेची बिघडलेली पेटी, म्हणजे रीड ऑर्गन, दुरुस्त करून दिली आणि तिथून सगळा पसारा उभा राहिला. अजूनही त्यांच्या बोधचिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. पेटी दुरुस्त करणाऱ्याबद्दल मराठी माणसाला आपुलकी वाटणारच. केईएफ हे नाव मला फार उच्चभ्रू वाटायचं. त्याचा अर्थ निघाला केंट इंजिनिअरिंग अँड फाउंड्री. फाउंड्री म्हटल्यावर डोळ्यांसमोर थेट कोल्हापूर आलं आणि दडपण गेलं. १९७० साली सुरू झालेली सोनोडाइन कोलकात्याची. म्हणजे माशांवरून आपलं गोत्र जुळतंच.

पण मन गुंतलं ते बोस यांच्या गोष्टीत. अमर बोस यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांना चुकवून अमेरिकेला गेलेले. मुलगा एमआयटीत शिकत असताना त्याने भारी स्पीकर विकत घेतले आणि ऐकून त्याचा पार हिरमोड झाला. माझाही होतो, मग मी बायकोपाशी कुरकुर करतो. त्यांनी मात्र संशोधन केलं, तिथेच प्राध्यापक झाले आणि १९६४ साली कंपनी काढली. सभागृहात आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं भिंतींवर आपटून येतं, हे लक्षात घेऊन १९६८ साली त्यांनी ९०१ नावाचा स्पीकर आणला. त्यात नऊ छोटे स्पीकर, एक ऐकणाऱ्याकडे आणि आठ मागच्या भिंतीकडे तोंड केलेले.

मी हे उत्साहाने घरात वाचून दाखवलं. आमच्या मुलुंडच्या हॉलची ती मागची भिंत चार इंचांची आहे. तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचा देव्हारा. त्यांच्या आरतीत कोणता शब्द चुकला हेसुद्धा आम्हाला इकडे कळतं.

"म्हणजे आठ स्पीकर शेजाऱ्यांसाठी आणि एक आपल्यासाठी," बायको म्हणाली. "पैसे कोण देणार?"

ते स्थळ तिथेच संपलं.

मग आकड्यांचा अभ्यास सुरू झाला. आमच्या पिढीवर वॅटचे संस्कार आहेत. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभरच निघणारी कमाल ताकद, म्हणून हजारांत आकडे लिहिलेले असत आणि आम्ही ते श्रद्धेने वाचत असू. तो आकडा म्हणजे लग्नात सांगितलेला मुलाचा पगार. खरं पोट भरतं ते आरएमएसवर, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीवर. त्यात पुन्हा वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. आठ फुटांवर बसून रोजचं गाणं ऐकायला साधारण एक वॅट पुरतो. हे कळल्यावर मी १०० वॅटखाली काही बघायचं नाही असं ठरवलं.

ओहमचं, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं, प्रकरण सरळ पत्रिका जुळवण्याचं. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तो जास्त करंट ओढतो, आणि अँप्लिफायर लेचापेचा असला तर तापतो. असे संसार पाहण्यात आहेत.

ऑफिसात आमचा एक साउंडतज्ज्ञ आहे. प्रत्येक ऑफिसात असतो. मिसळ, म्युच्युअल फंड आणि स्पीकर या तिन्ही विषयांत त्याचा शब्द शेवटचा. त्याने मला लंच टाइममध्ये समजावलं की गाण्याला दोनच स्पीकर हवेत, फाइव्ह पॉइंट वन हा पिक्चरवाल्यांचा खेळ आहे. मी विचारलं, पाच कळले, पॉइंट वन म्हणजे काय? तर पॉइंट वन म्हणजे सबवूफर. त्याला फक्त खालचे, गडगडाटी आवाज मिळतात, म्हणून त्याची गणती पुरती एकसुद्धा धरत नाहीत. घरोघरी असा एक पॉइंट वन असतो. आमच्या घरी कोण, ते मी लिहीत नाही. पण पिक्चरमधलं बोलणं बहुतेक मधल्या सेंटर स्पीकरमधून येतं, असंही तो म्हणाला, आणि माझी पंचाईत झाली. मला हवं गाणं, आईला हवी सासू, भाच्याला हव्या गाड्या उडताना. बजेट एकच.

आधी गेलो एका चकचकीत शोरूममध्ये. डेमो रूममध्ये जाड गालिचा, जाड पडदे, भिंतींना गाद्या. सेल्समनने डोळे मिटायला सांगितलं. स्वस्त जोडी वाजवली, मग महाग जोडी. महाग खरंच खुलून वाजली. मी डोळे किलकिले केले तर साहेबांचा अंगठा रिमोटवर होता. आवाज जरासा मोठा केला की कानाला तोच स्पीकर चांगला वाटतो, हे मी वाचलेलं होतं. "दोन्ही एकाच आवाजावर लावा," म्हटल्यावर तो असा बघायला लागला, जणू मी मुलीला मेकअप पुसायला सांगितला.

शिवाय तो वाजवत होता इंग्रजी गाणी. कुणीतरी बाई कानात कुजबुजते, एक ग्लास किणकिणतो. त्यावरून मला काय कळणार? माझी कसोटी अभंगाची. टाळ म्हणजे ट्विटरची, वरचे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, परीक्षा. तो खणखणला पाहिजे पण कानात टोचता कामा नये. पखवाज वूफरचा, म्हणजे खालचे आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा. थाप पडली की पोटाला कळावी आणि लगेच थांबावी, पाणी भरलेल्या पिंपासारखी घुमत राहू नये. मधे गायकाचा गळा आणि मागे तानपुऱ्याची जवारी. ती जर नुसती गुणगुण ऐकू आली तर स्पीकर नापास. त्या सेल्समनला मी पेन ड्राइव्ह दिला. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याने सहन केलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला बुवांसाठी हवाय का?"

शेवटी लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पावसाळ्यात ग्रँट रोड स्टेशनपासून चालत, एका हातात छत्री, दुसऱ्यात पेन ड्राइव्ह. तिथल्या काकांच्या दुकानात बसायला एक स्टूल आणि भिंतभर खोकी. बाहेर हॉर्न, वर पंख्याची घरघर. मला तो डेमो सर्वांत प्रामाणिक वाटला, कारण आमचं घर तसंच आहे. काकांनी अभंग पूर्ण ऐकला आणि विचारलं, "हॉल केवढा?"

"दहा बाय चौदा."

"मग छोटी जोडी घ्या. मोठे उभे टॉवर स्पीकर घेतलेत तर तुम्ही बाहेर पॅसेजमध्ये झोपाल."

मला एलएस३/५ए आठवला. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून तयार केलेला छोटा स्पीकर. आमचा हॉल म्हणजे व्हॅनच, फक्त सोसायटीचा मेंटेनन्स भरणारी. काकांना किंमत विचारली. त्या पैशांत सेकंडहँड व्हॅन आली असती. मग बुकशेल्फ म्हणतात तशी एक साधी जोडी घेतली. कंपनी सांगत नाही, नाहीतर साउंडतज्ज्ञ म्हणेल, मला विचारलं असतंस तर. भाच्याच्या हट्टाने एक सबवूफरही आला.

पुस्तिकेत लिहिलं होतं, स्पीकर भिंतीपासून दूर ठेवा, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करा. त्रिकोणाचं टोक आलं नेमकं आईच्या खुर्चीवर. तिथे बसलं की दोन स्पीकरच्या बरोबर मधून, जिथे काहीच नाही तिथून, सासू बोलते. आई खूश. मी दाराजवळच्या मोड्यावर, फक्त डाव्या स्पीकरचा धनी. दुसऱ्या दिवशी दोन्ही स्पीकरवर क्रोशाचे रुमाल आले. आठवड्याने एकावर मनी प्लांट.

सबवूफरने वेगळाच रंग दाखवला. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे अगदी खालचा, आवाज अडकून बसतो. भिंतीशी, कोपऱ्यात धो धो आणि बरोबर मधोमध ठणठणाट. कोपऱ्यात आमचं लोखंडी कपाट. पखवाजाची थाप पडली की आधी कपाटाचं हँडल तिहाई घेतं. मी हँडलला सुतळी बांधली, तर आतले हँगर लागले.

त्या शनिवारी अभंग लावला होता. दहाला दहा मिनिटं कमी असताना बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका. माझ्या पोटात गोळा आला. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे मला पाठ होतं, आणि अजून दहा मिनिटं आहेत हेही. मी ते सांगायला तोंड उघडलं.

"पखवाज सुरेख पोचतो खाली," काका म्हणाले. "आठ दिवस ऐकतोय. पण टाळ येत नाहीत हो. काही करता येईल?"

स्लॅबमधून खालचे आवाज उतरतात, वरचे वरच राहतात, हे मी त्यांना दारातच समजावलं. मग भीड म्हणून आत बोलावलं, आईला उठवून काकांना त्रिकोणाच्या टोकावर बसवलं आणि अभंग पहिल्यापासून लावला. काकांनी डोळे मिटले. टाळ वाजले, तानपुरा झंकारला, हँगरही वाजले. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी डोळे उघडले.

"छान आहे," काका उठत म्हणाले. "पण खालीच बरं वाटत होतं."