कोठीच्या खोलीत नऊ मिनिटं

आमच्या हरिपूरच्या घरात भूत नाही. असतं तर २०१९ च्या पुरात सामान बांधून आमच्याबरोबर मिरजेला आलं असतं, कारण त्यावेळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या माजघरात माणूस काय भूतसुद्धा थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. तरीपण एक दिवस माझा मावसभाऊ आला, अंगणात जमिनीखालच्या हळदीच्या पेवाच्या तोंडावरच्या फरशीवर बसला, भिंतीवरची पुराची रेघ बघितली, पोपडे बघितले, आणि डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "दादा, हे घर असं फुकट चाललंय रे."

मला वाटलं हा इंजिनिअर झालाय, डागडुजीचं बोलतोय. तो पिक्चरचं बोलत होता.

आता सांगलीत हे काय नवीन नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं सीतास्वयंवर केलं तेव्हापासून प्रत्येक घरात एक तरी माणूस 'मी पण नाटकात होतो' म्हणणारा निघतोच. आमच्यात थोरले काका. त्यांनी शाळेच्या गॅदरिंगला भालदार केला होता, वाक्य एकच होतं आणि ते पण दुसऱ्याच पोरानं आधी म्हणून टाकलं, पण त्यामुळं कलावंत म्हटलं की काकांचं काळीज विरघळतं. मावसभावाला हे माहीत होतं.

त्यानं बजेट सांगितलं ८० हजार. त्यातले ३० कॅमेऱ्याच्या भाड्याला. काका म्हणाले, "एवढ्यात तर आमच्याकडं बारसं होत नाही." मग त्यानं हॉररचं गणित समजावलं. हॉररला हिरो लागत नाही, गाणी लागत नाहीत, परदेश लागत नाही. एक घर, एक कोंडलेला माणूस आणि अंधार, आणि अंधाराला भाडं नसतं. अमेरिकेत एकानं स्वतःच्याच घरात आठवडाभरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' काढला आणि त्यानं १९ कोटी डॉलरच्या वर धंदा केला म्हणे. एवढं लांब कशाला, आपले रामसे बंधू, सात भाऊ, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी साउंड, कुणी एडिटिंग, आणि १९७२ चा त्यांचा भुताचा पिक्चर इथंच वर महाबळेश्वरला गेस्ट हाऊसवर राहून काढलेला. सात भाऊ एकत्र काम करतात आणि एकमेकांवर केस टाकत नाहीत हे ऐकून काका भुतापेक्षा जास्त हादरले. लगेच हो म्हणाले.

मग स्टोरी. जुन्या वाड्यात एक म्हातारा, त्यानं सख्ख्या भावाला वीस वर्षं हळदीच्या पेवात कोंडून ठेवलंय, सातबाऱ्यावरून त्याचं नाव कमी करून सगळी जमीन स्वतःच्या नावावर केलीय, आणि नवीन सुनेला रात्री जमिनीखालून आवाज येतात. बायकांनी तोंडावर पदर धरला. काका मात्र विचारात पडले.

"नाव कमी कसं केलं?"

"भाऊ मेला असं दाखवून."

"पण मेला नाही न्हवं? मग मृत्यूचा दाखला कुठनं आणला? दाखल्याशिवाय तलाठी वारस नोंद धरत नाही. फेरफार झाला तर नोटिसा निघतात, चावडीवर लागतात. गावातला एकपण माणूस हरकत घ्यायला आला नाही?"

"काका, पुढं त्याचा आत्मा येतो..."

"येऊ दे की. आत्म्याचं काय नाही. दाखल्याचं सांग."

शूटिंग संपेपर्यंत काका रोज एकदा तरी दाखल्याचं विचारायचे. डायरेक्टरला, म्हणजे मावसभावालाच, त्याचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही.

पेवाचं तर पहिल्याच दिवशी फिसकटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेव म्हणजे जमिनीत खणलेली हळद साठवायची विहीरच समजा, तोंड माणूस जाईल एवढंच, आत वीस-पंचवीस फूट खोल आणि पोट फुगलेलं. आमच्या हरिपूरची माती अशी की आत ओल येत नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड नाही काही नाही. २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी गेलं, आमचं तेव्हापासून रिकामंच आहे. डायरेक्टर म्हणाला आत कॅमेरा सोडू, कैदी सोडू. काकांनी शांतपणे सांगितलं की पेवाचं तोंड उघडल्यावर आधी तासन्‌तास तसंच ठेवायचं, मग कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही, कारण आत कोंडलेल्या हवेत माणूस बसल्या जागी मरतो. हे ऐकून कैद्याचं काम करणारा सेकंड इयरचा पोरगा पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो थेट त्याच्या कवठेमहांकाळच्या घरीच पाणी प्यायला.

म्हणजे कैदी गेला. आणि घरात दाढी वाढलेला, रजेवर असलेला, कुणाला नाही म्हणता न येणारा माणूस एकच होता.

"दादा, तुला एकपण डायलॉग नाही. म्हाताऱ्यानं तुझी जीभ कापलेली असते. सगळं डोळ्यातनं." काकांच्या भालदाराला निदान एक वाक्य तरी होतं.

पण माझी कैद नंतर सुरू झाली, घरच्यांची आधीच झालेली. लाइव्ह साउंड होता. डबिंगला पैसे नाहीत त्यामुळं जे काय ऐकू येणार ते तिथंच रेकॉर्ड होणार, म्हणून पंखे बंद, मिक्सर बंद, कुकर लावायचा नाही, संडासात पाणी ओतायचं नाही, आणि एप्रिल महिना. खिडक्यांना काळं काय लावायचं तर शेतातला मल्चिंग पेपर उरलेला, त्याची काळी बाजू आत केली की भर दुपारी मध्यरात्र, आणि चंदेरी बाजूचा एक तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून लाइट मारायला. (हे मात्र डोकं होतं त्याचं, खोटं कशाला बोला.) त्या मध्यरात्रीत आम्ही नऊ माणसं चार दिवस स्वयंपाकघरात मांडीला मांडी लावून चुरमुरे भिजवून खात होतो. भिजवून का, तर भडंगाचा आवाज येतो.

साउंडवाला पोरगा शांत होता, तोच सगळ्यात डेंजर. त्यानं फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. आईला दह्याच्या पातेल्याशेजारी किल्ली सापडली, ती घाबरली, करणीबिरणी आहे म्हणाली. त्यानं सांगितलं की ही आमच्या लाइनमधली पद्धत आहे, फ्रिज परत चालू करायचा विसरू नये म्हणून, किल्लीशिवाय घरी जाता येत नाही ना. आईला ते इतकं पटलं की हल्ली ती वडिलांच्या गाडीची किल्ली बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवते. आणि रोज संध्याकाळी तो सगळ्यांना आहे तिथं मिनिटभर गप उभं करायचा, रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायला, एडिटिंगमध्ये फटी भरायला लागतो म्हणे. आमच्या घरात सगळे जागे असताना मिनिटभर कुणी काही बोललं नाही असं आजी गेल्यापासून पहिल्यांदाच होत होतं.

आता मसाल्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या आजीचा कांदा-लसूण मसाला भावकीत फेमस. बेडगी-संकेश्वरी मिरची निवडण्यापासून डंकावर उभं राहून कुटून घेण्यापर्यंत सगळं ती स्वतः बघायची. आजी गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण काकूनं आणि आईनं परंपरा चालू ठेवली, दर मे महिन्यात पुण्याच्या आत्याला बरणी जाते. आधी २ किलो जायचा, मग ५, आता १२. आत्याच्या घरात माणसं दोन, त्यातल्या आतोबांना ॲसिडिटी. आम्ही कधी विचारलं नाही. माहेरवाशिणीला काय विचारायचं?

तर शेवटच्या दिवशी क्लायमॅक्स. पेव म्हणून स्वयंपाकघराशेजारची कोठीची खोली घेतलेली. रक्त म्हणून काकवीत खायचा लाल रंग. डायरेक्टरचं म्हणणं हिचकॉकनं १९६० च्या 'सायको'त रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. पण त्याचा पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट होता आणि त्याच्या स्टुडिओत आमच्यासारखे मुंगळे नसणार. मला खुर्चीला बांधायला गोठ्यातल्या मामांना बोलावलं. मामांना एकच गाठ येते, बैलाची, म्हणजे जेवढं ओढाल तेवढी आवळते. तोंडात बोळा कोंबला, तो निघाला ओट्यावरचं फडकं, त्याला मसाल्याचा असा काय वास होता की ॲक्शन म्हणायच्या आधीच माझ्या डोळ्यातनं सगळं यायला लागलं. बनियनच्या आत माइक. "एकच लाँग टेक, नऊ मिनिटं, काही झालं तरी कट नाही," म्हणून डायरेक्टर कॅमेऱ्यामागं उभा राहिला.

दुसऱ्या मिनिटाला पहिला मुंगळा आला.

तिसऱ्या मिनिटाला त्याचं खानदान आलं, आणि नेमकं तेव्हाच वरच्या झरोक्यातनं स्वयंपाकघरातली कुजबुज ऐकू यायला लागली. त्यांना वाटलं इकडं अजून तयारीच चाललीय.

"ताई, औंदा बारा किलो म्हणजे पुड्या किती आणायच्या?" आई.

"अर्ध्या किलोच्या चोवीस. मिरजेच्या त्याच दुकानातनं आण, सांगलीत नको, कोणतरी बघतंय."

"मला बाई भ्या वाटतंय. नऊ वर्षं झाली."

"माझा हात मोडला त्या साली एकदा विकतचा घातला, कुणाला कळला? पुडी फोडायची, बरणीत दाबायची, वर हिंगाचा खडा ठेवायचा. खडा ठेवला की घरचाच झाला."

मी सुन्न. बोळ्याचा वास घरचा नव्हता म्हणजे. आणि हे सगळं माझ्या छातीवरच्या माइकमध्ये चाललंय हे लक्षात आल्यावर मी खुर्ची आपटायला लागलो, 'उं उं' करून ओरडायला लागलो की बायांनो गप बसा, गाठ आवळत गेली, मुंगळे काखेत पोचले, डोळे पांढरे व्हायची वेळ आली, आणि डायरेक्टर दोन्ही अंगठे वर करून हुंदके देत होता. शेवटी मी मान टाकली ती ॲक्टिंग नव्हती. कट झाल्यावर टाळ्या वाजल्या आणि सगळे जेवायला गेले. मला सोडायचं मामांकडं होतं आणि मामा धारा काढायला गेलेले. नऊ मिनिटांची कैद मी तासभर भोगली.

मी कुणाला काही बोललो नाही. वाटलं, एडिटिंगला बसल्यावर त्याला ऐकू जाईल, तो काढून टाकेल.

गणपतीत सगळी भावकी घरी असताना मावसभाऊ पेन ड्राइव्ह घेऊन आला. टीव्हीसमोर वीसेक माणसं, पुण्याची आत्या पुढच्या खुर्चीवर. पहिला तासभर सगळे भूत सोडून वस्तूच ओळखत होते, आमचा कंदील, आमची परात, काकूची जुनी साडी भुताच्या अंगावर. मग क्लायमॅक्स आला. पडद्यावर मी, अंधार, आणि मागं एक थंडगार कुजबुज. मावसभाऊ माझ्या कानात म्हणाला, "बॅकग्राउंडला बायकांचं कायतरी चाललेलं रे, शब्द कळत नव्हते, पण असला खतरनाक फील होता की मी आवाज वाढवला. एको पण टाकलाय."

आणि त्या एकोसकट माजघरभर घुमलं, "विकतचा घातला... घातला... घातला... कुणाला कळला... कळला..."

आईनं जागच्या जागी मोदकाचं ताट खाली ठेवलं. काकू टीव्हीकडंच बघत राहिली. हिंगाच्या खड्यापर्यंत सगळं व्यवस्थित ऐकू आलं. आत्या हळूहळू वळली, आता फुटणार असं वाटलं, तेवढ्यात आतोबा पोट धरून हसायला लागले. "अगं मग आता सोसायटीतल्या बायकांना काय सांगणार? घरचा म्हणून ९०० रुपये किलोनं देतेस ना!"

आता काकूनं मान वळवली.

दोघी एकमेकींकडं बघत होत्या, कुणी बोलंना, पडद्यावर माझा जीव चालला होता तिकडं एकाचंही लक्ष नाही. मग आत्या घसा खाकरून, एकदम हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, चोवीस पुड्या एकदम घेतल्यावर तो दुकानदार काही कमी करतो का गं?"

तेवढ्यात पडद्यावर मी मान टाकली. मागच्या खुर्चीवरून काकांचा समाधानी आवाज आला, "मेला एकदाचा. आता मिळंल दाखला."