एका टिकसाठी तीन रात्री

तीन रात्री गेल्या माझ्या. एका टिकसाठी!

गेमसाठी संगणकावर बुरुजाचा थ्रीडी दगड करत होतो. आपला काळा बेसाल्ट, अंगावर छिन्नीचे घाव. झीब्रश या डिजिटल शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिम डायनॅमिक ब्रशने कडा छाटल्या, एकेक घाव हाताने पाडला, साठ लाख पॉलिगॉनचा (छोट्या सपाट तुकड्यांचा) दगड गेमला झेपावा म्हणून तीन हजारांवर आणला, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मल मॅप बेक केला, म्हणजे मूळ दगडाचे खाचखळगे एका चित्रात उतरवून हलक्या दगडावर चढवले. तिथे दगड देखणा. अनरियल या गेम इंजिनमध्ये टाकला आणि सगळे घाव फोडांसारखे फुगून वर आले. उजेड वरून पडतोय आणि खड्ड्याची वरचीच कड चमकतेय, खालची काळोखात!

आधी वाटलं केज (बेक करताना दगडाभोवती धरायचं कवच) चुकला. मग युव्ही (चित्र चढवायला दगडाचा सपाट नकाशा) पुन्हा उलगडले. मग रिटोपो (कमी पॉलिगॉनची जाळी बांधणं) पहिल्यापासून. बेक किती वेळा केला, मोजलं नाही. तिसऱ्या रात्री अडीचला कळलं: ब्लेंडर नॉर्मल मॅप ओपनजीएलच्या पद्धतीने काढतं, अनरियलला डायरेक्टएक्सचा लागतो, ग्राफिक्सच्या या दोन पद्धतींत चित्राचा हिरवा चॅनेल, म्हणजे वर-खाली उतार सांगणारा रंग, एकमेकांच्या उलटा. अनरियलमध्ये ते टेक्श्चर (नॉर्मल मॅपचं चित्र) उघडायचं, 'फ्लिप ग्रीन चॅनेल'वर टिक करायची. संपलं.

हे सांगायला दहा सेकंद लागतात हो! पैसे मोजून घेतलेला अकरा तासांचा कोर्स आहे. त्यात गुरुजी म्हणतात, "आता हे बेक करून घेऊ," व्हिडिओ कापला, पुढच्या क्षणी दगड गेममध्ये चकाचक. जिथे शिकणारा अडतो नेमकं तिथेच कात्री? स्वतःचे ब्रश विकायला मात्र भरपूर वेळ. त्याआधीच्या क्लासचंही तेच, नोकरीची हमी फलकावर, आणि सरांना टेक्सेल डेन्सिटी (पृष्ठभागाच्या ठरावीक मापात चित्राचे किती पिक्सेल) विचारली तर "ते नंतर बघू."

आणि दगड म्हटला की सगळ्यांचा तोच नारिंगी वालुकाश्म किंवा बर्फातला कडा. आमचा सह्याद्री ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. काळा कातळ, मध्ये गवताची पट्टी, पुन्हा कातळ. तो कसा घडवायचा हे एकही धडा शिकवत नाही. तरी घरी पाहुणे आले की, "अजून गेमच खेळतोस का रे?" खेळत नाही काका, दगड घडवतोय!

टिक केली. घाव आत बसले, सावली जागेवर आली. तीन रात्रींत या बुरुजाचे निदान दहा दगड झाले असते.