टीव्ही भिंतीवर लागला, पण बटण दाबणार कोण?

व्हिडिओमुळं शाळा बदलणार, दवाखाना घरात येणार, खेड्यातल्या माणसाला शहरात जायलाच लागणार नाही, असं कुणी सांगायला लागलं की मी एकच विचारतो. ठीक आहे, पण स्क्रीनच्या शेजारी कोण बसणार? बहुतेक वेळा समोरचा म्हणतो, त्यात काय, कुणीतरी असेलच की. हे जे कुणीतरी आहे ना, त्याच्यावरच आजची पोस्ट आहे. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझा धंदा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. शाळा, आरोग्य उपकेंद्रं, ग्रामपंचायती यांना टीव्ही, प्रोजेक्टर, कॅमेरे, इन्व्हर्टर बसवून द्यायचे आणि नंतर बंद पडले की चालू करून द्यायचे. बसवायला अर्धा दिवस पुरतो, चालू ठेवायचं काम वर्षभराचं. आणि जत म्हणजे काय पसारा आहे हे तिकडं राहणाऱ्यालाच माहीत, एका टोकाच्या वस्तीवरून फोन आला आणि मी दुसऱ्या टोकाला असलो तर जाऊन यायलाच दिवस जातो, पेट्रोल वेगळं. म्हणून आता निम्म्याहून जास्त रिपेरी मी व्हिडिओ कॉलवरच करतो. मागचा कॅमेरा लावा, वायर दाखवा, हां, ती काळी नाही, तिच्या शेजारची, ती काढून परत लावा. झालं.

आता गंमत बघा. एका शाळेत माझा हा कॉल घेतात त्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत शिपाई कुठला, दोन शिक्षक, त्यातले एक कायम कुठल्यातरी ट्रेनिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्यात, दुसरे चार वर्ग सांभाळतात. मग टीव्ही लागेना झाला की मावशी हात पदराला पुसत येतात, फोन धरतात आणि सांगतात, "दादा, लाल लाइट हाय, निळी न्हाई." या एका वाक्यात मला अर्धा फॉल्ट कळतो. लाल म्हणजे करंट आहे पण टीव्ही स्टँडबायवर आहे. मग आधी रिमोटनं चालू करायचा, "नो सिग्नल" आलं तर सोर्सचं बटण, मग एचडीएमआय एक का दोन, म्हणजे वायर कुठल्या खाचेत आहे ते. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, त्या चित्रावरनं ओळखतात. मागच्या पावसाळ्यात वीज गेली आली, टीव्ही बंद पडला, आणि मला फोनच आला नाही. नंतर कळलं मावशींनीच चालू केला, मला कशाला त्रास म्हणून.

त्यांना या कामाचा एक रुपया मिळत नाही. त्यांचं मानधन खिचडीचं, तेही काय असतं आणि कधी येतं ते विचारू नका.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. टीव्हीला लोकवर्गणी निघते, कंपन्यांचा सीएसआर निधी मिळतो, फीत कापली जाते, फोटो पेपरात येतो. टीव्ही चालवणाऱ्या माणसाचा हिशोब मात्र कुठल्याच कागदावर नसतो. आणि ही काही नवीन गोष्ट नाही. आपल्याकडं उपग्रहावरनं खेड्यात टीव्ही पोचवायचा पहिला मोठा प्रयोग झाला तो १९७५-७६ ला, साइट म्हणायचे त्याला, इस्रोचा. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेतला होता, सहा राज्यांतली २४०० गावं, सकाळी शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण प्रयोगाचा कारभार बघणारे एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे. तर त्यांनी काय केलं, गावात सेट ठेवताना तो सांभाळायला, उघडायला, बंद करायला माणूस नेमला. सेट बिघडला तर दुरुस्तीची माणसं कुठून येणार तेही आधीच ठरवलं. पन्नास वर्षांपूर्वी, जाळीच्या अँटेनावर, ज्यांना हे सुचलं ते आपल्याला ५५ इंची स्मार्ट टीव्ही भिंतीला ठोकताना का सुचत नाही?

शाळेचं बोलू. मी टीव्ही बसवल्यावर लगेच निघत नाही, थोडा वेळ मागं बसतो, आवाज शेवटच्या पोरापर्यंत पोचतो का बघायला. (चित्र जरा फिकं चालतं हो, आवाज फाटका असेल तर वर्ग दोन मिनिटांत हातातनं जातो. बजेट कमी असेल तर टीव्ही एक साइज लहान घ्या आणि स्पीकर चांगला घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही.) तर असाच बसलो होतो, पाण्याच्या वाफेचा व्हिडिओ चालू होता. छान बनवलेला, ॲनिमेशन वगैरे. त्यातल्या बाई म्हणाल्या, अंघोळीनंतर बाथरूमच्या आरशावर पाणी साचतं ते तुम्ही पाहिलंच असेल. पोरं गप्प. बाथरूममध्ये आरसा? अंघोळ दगडावर, ती पण टँकर आला तर. त्यात निम्म्या पोरांच्या घरात कानडी बोलतात, आमचा पूर्व भाग सगळा तसाच आहे, त्यांना पुस्तकी मराठीतलं बाष्पीभवन आणि सांद्रीभवन सारखंच अवघड.

सरांनी व्हिडिओ थांबवला. एका पोराला दुकानात पिटाळून फ्रीजमधली गार पाण्याची बाटली आणली आणि टेबलावर ठेवली. बघत बसा म्हणाले. थोड्या वेळात बाटलीला बाहेरनं घाम फुटला, एक पोरगं म्हणालं बाटली गळतीय, दुसरं म्हणालं झाकण तर घट्ट आहे, मग सर कानडीत दोन वाक्यं बोलले, मराठीत दोन, आणि मग व्हिडिओ पुढं चालू केला. आता तीच ॲनिमेशन पोरं डोळे मोठे करून बघत होती. शिकवण झाली ती व्हिडिओ थांबला तेवढ्या वेळात. ते थांबवायचं बटण दाबायला जो माणूस लागतो त्याला काढून टाकायचं आणि वर म्हणायचं डिजिटल शाळा!

कोरोनात काय झालं ते आठवा. ज्याच्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला, त्याला झूमची लिंक पाठवून काय होणार होतं? त्या काळात मला पटलेली एक गोष्ट म्हणजे सह्याद्री वाहिनीवर लागायची ती टिलीमिली मालिका, २०२० च्या जुलैपासून, पहिली ते आठवीसाठी, एमकेसीएलनं म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं बनवलेली. नेट लागत नव्हतं, साधा टीव्ही पुरत होता, आणि नुसतं फळ्यापुढं उभं राहून बोलणं नव्हतं, आजूबाजूच्या वस्तू घेऊन करून बघायचं असायचं. म्हणजे घरातल्या कुणाला तरी पोराबरोबर बसावंच लागायचं. जिथं आजी, ताई कुणी बसलं तिथं जमलं, जिथं टीव्ही लावून सगळे रानात गेले तिथं पोरगं कार्टूनवर.

आता कुणीतरी म्हणेल, अरे पण एनपीटीईएल आहे, स्वयम आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट बघून पोरं शिकतात, तिथं कोण शेजारी असतं? बरोबर आहे. ज्याला शिकायचंच आहे आणि ज्याला कसं शिकायचं हे आधी शाळेनं शिकवलंय, त्याला रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओसारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. थांबवता येतो, मागं नेता येतो, दीडपट स्पीडनं पळवता येतो. म्हणून शिकवण्यासाठी मी लाइव्हच्या भानगडीत पडूच नका म्हणतो, पेनड्राइव्हमध्ये भरून द्या, रेंज असो नसो चालतं. पण एमपीएससीची पोरं बघा तुम्ही. क्लास सगळा यूट्यूबवर फुकट, आणि तरी महिन्याला पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. कशाला? शेजारी दुसरा कोणी अभ्यास करताना दिसावा म्हणून! व्हिडिओ फुकट आहे, आणि शेजारच्या माणसासाठी गरिबाघरचं पोरगं पैसे मोजतंय.

दवाखान्याचं गणित उलटं आहे. तिथं रेकॉर्ड केलेलं काही कामाचं नाही, लाइव्हच पाहिजे. यूट्यूबवर गुडघ्याचे व्यायाम बघून माणसं करतात, व्हिडिओतला माणूस तुमचा गुडघा बघतोय का? तो वाकवा म्हणतो, तुम्ही वाकवता, दुखलं तर तो थांबत नाही.

सरकारची ई-संजीवनी आहे, व्हिडिओवरनं डॉक्टरला दाखवायची सोय, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं बनवलेली. तिचे दोन प्रकार आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक लॉकडाउनमध्ये, एप्रिल २०२० ला आली, ज्यात पेशंट स्वतःच्या फोनवरनं डॉक्टरशी बोलतो. दुसरा त्याच्याही आधीचा, नोव्हेंबर २०१९ चा, ज्यात पेशंट उपकेंद्रात जातो, तिथं सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ते पेशंटला शेजारी बसवून पलीकडच्या डॉक्टरला कॉल लावतात. शहरातल्या शिकलेल्या माणसाला पहिला प्रकार सोयीचा. आमच्याकडं मला विचाराल तर दुसराच खरा.

एका उपकेंद्रात इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला गेलो होतो तेव्हा बघितलं. एक आजी आलेल्या, दम लागतोय म्हणून. स्क्रीनवर डॉक्टर, आजी स्क्रीनकडं बघायलाच तयार नाहीत, सगळं सीएचओ मॅडमकडं बघून सांगतायत. डॉक्टरांनी विचारलं पायाला सूज आहे का. आजी म्हणाल्या न्हाई. मॅडम खाली बसल्या, आजींचं लुगडं जरा वर केलं, नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला, आणि वर बघून म्हणाल्या, "सर, खड्डा पडतोय. भरायला वेळ लागतोय." डॉक्टरांचा आवाजच बदलला. बीपी परत घ्या, रात्री उशाला किती उश्या घेतात विचारा, आजच्या आज तालुक्याला पाठवा. आता सांगा, जगातला कुठला कॅमेरा तो खड्डा दाखवणार होता? आजी एकट्या नातवाचा फोन धरून बसल्या असत्या तर "सूज न्हाई" एवढंच पलीकडं गेलं असतं.

मार्च २०२० ला केंद्रानं टेलिमेडिसिनचे, म्हणजे लांबून पेशंट तपासायचे नियम काढले, त्यात पण हा विचार दिसतो. काही औषधं नुसत्या फोनवर लिहून देता येतात, काहींना पहिल्या वेळी व्हिडिओवर बघणं सक्तीचं, आणि झोपेच्या-नशेच्या काही गोळ्या तर लांबून लिहायच्याच नाहीत. म्हणजे लांबून काय दिसत नाही हे त्यांनी मान्य केलंय. अंगावरचं पुरळ किंवा जखम दाखवायची असेल तर माझा धंद्यातला सल्ला ऐका, व्हिडिओवर दाखवू नका. रेंज कमी झाली की सिस्टीम आपोआप चित्राची क्वालिटी पाडते, कॉल तुटू नये म्हणून, आणि मग लाल काय नि काळं काय सगळं एक होतं. दारात उजेडाला येऊन साधा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे साइज कळेल, तो पाठवा आणि मग कॉलवर बोला.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं शेजारी कुणी नसलेलंच बरं. मनाचे आजार. त्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, तिथं सुनेनं सासूसमोर काय बोलायचं? तिथं साधा आवाजाचा फोन लय भारी काम करतो, चेहरा दाखवायलाच नको.

असो. तर माझ्यापुरतं मी काय करतो ते सांगतो. कोटेशन देताना टीव्ही, स्टँड, स्पीकर, इन्व्हर्टर यांच्या खाली मी आता एक ओळ टाकतो, "चालवणाऱ्या दोन व्यक्तींचं प्रशिक्षण आणि वर्षभराचा भत्ता". प्रशिक्षण माझं, भत्ता त्यांचा. दर वेळी तीच ओळ पहिली खोडतात. एक सरपंच मला म्हणाले, "भत्ता कशाला, मास्तर हायेत की!" मी म्हटलं, मग मास्तर शिकवणार कधी? ते हसले, मी पण हसलो, ओळ गेली. दुसऱ्या एका गावात मात्र टिकली, पाणीवाटपाच्या माणसाच्या शेजारी ग्रामपंचायतीनं अजून एक नाव लिहिलं, बारावी झालेली तिथलीच एक मुलगी, सकाळी शाळेत, दुपारी उपकेंद्रात. पैसे फार नाहीत. पण तिथून मला येणारे फोन असे असतात, "दादा, फॉल्ट नाही, नवीन पेनड्राइव्ह कधी देताय?"

तुमच्या गावच्या शाळेतला टीव्ही चालू आहे का, आणि तो कोण लावतं, तेवढं कमेंटमध्ये सांगा. नाव नको, काम काय करतात तेवढंच लिहा. बघू किती मावशी निघतात.