पोलिसांनी कुठवर यावं? अविनाशदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अविनाशदादा, 'ते पाए ओरांगा'वर, म्हणजे न्यूझीलंडमध्ये किरकोळ गुन्ह्याचं प्रकरण कोर्टाऐवजी ज्यांच्यापुढे जातं त्या माओरी (तिथल्या मूळ रहिवासी) पंचांच्या पॅनेलवर मी लिहिलं त्याखाली तुम्ही म्हणालात की पोलिसांनी पकडावं, न्याय कोर्टाने करावा, कोणाला कोर्टात न्यायचं नि कोणाला पंचांपुढे हे पोलीसच ठरवायला लागले तर सेटिंग सुरू होणार आणि ज्याचं नुकसान झालं तो बसणार बोंबलत. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय.

नुकसान झालेली मीच होते हो. ऑकलंडमधल्या आमच्या दुकानातून एका पोराने कॅन उचलले, अडवलं तर स्टँड ढकलून पळाला. सापडल्यावर त्याने कबूल केलं म्हणूनच प्रकरण पॅनेलकडे गेलं, आणि मला बोलावणं आलं. पोलीस होता पण कडेला, विचारत होत्या दोन म्हाताऱ्या बायका. मी म्हटलं, तेव्हापासून मी सातलाच शटर ओढते, तर तो पोरगा मान वर करेना, नखं कुरतडत बसला. भरपाई ठरली, माफी ठरली, आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं ठरलं, कारण विनालायसन्स गाडी, मग दंड, दंड थकला की कोर्ट, हे चक्र त्या बायकांना पाठ होतं. पूर्ण केलं तर शिक्षेचा शिक्का नाही, नाही केलं तर फाइल परत पोलिसांकडे.

सेटिंगची भीती मात्र मला पटते. पण समज देऊन कोणाला सोडायचं हे पोलीस रोजच ठरवतात ना, पॅनेल असो वा नसो. न्यूझीलंडमध्ये माओरी साधारण १७ टक्के, तुरुंगात निम्म्याहून जास्त, मग कोर्टापर्यंत कोण पोचतं ही चाळणी आधीच कुठेतरी लागलेली आहे. म्हणून माझं म्हणणं, कोणाला पॅनेलकडे पाठवलं नि कोणावर चार्ज लावला याचा हिशोब माओरी लोकांना बघायला मिळालाच पाहिजे.

पोलिसांनी कुठवर यावं हे मला १९८९च्या मुलांच्या कायद्यात सापडतं. अटक झाली नसेल तर बहुतेक वेळा कुटुंबाची बैठक झाल्याशिवाय पोरावर केस टाकता येत नाही, आणि त्या बैठकीत पोलीस आपली बाजू मांडतात नि मग खोलीबाहेर जातात, आत फक्त घरचे बोलतात. नंतर पोलीस 'मान्य नाही' म्हणू शकतात, पण तेवढा वेळ खोली घरच्यांची असते. मला ते फार मोलाचं वाटतं.

आणि तरीही तूहोए या माओरी जमातीतला एखादा माणूस म्हणाला की मी वर्दीसोबत बसणार नाही, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. १५ ऑक्टोबर २००७ला त्यांच्या रुआतोकी गावात पोलिसांनी नाकाबंदी करून गावकऱ्यांचे फोटो काढले, चौकशीत ते बेकायदा ठरलं, आणि पोलीस कमिशनरने माफी मागायला २०१४ उजाडलं.

तुमचे काका पीएसआय होते असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा ना, समज देऊन सोडलेल्या पोरांची नोंद ते कुठे ठेवायचे का, आणि ते काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.